पोरीनं नशीब काढलं म्हणतात, मग पोरानं काढलं तर?

हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप. तोरणमाळला रेंज येते-जाते, ऑडिओ अर्ध्यात अडकतो, मजकूर मात्र लगेच उघडतो. म्हणून ज्यांचं नेट आमच्यासारखं आहे त्यांच्यासाठी दरवेळी हे टाकतो. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय एक कादंबरी आणि तिच्यावरून वाचकांमध्ये होणारी भांडणं. कादंबरी इंग्रजी आहे. केजे चार्ल्स या लेखिकेची, २०२२ साली आलेली, नाव 'द जेंटल आर्ट ऑफ फॉर्च्युन हंटिंग'. प्रकार आहे क्विअर रीजन्सी रोमान्स. हे तीन शब्द एकत्र ऐकले की अर्धी मंडळी म्हणतील, 'भाऊ, हे आपलं नाही.' थोडं थांबा. आपलं कसं आहे तेच आज उलगडायचंय.

गोष्ट थोडक्यात

रॉबिन लॉक्सली आणि त्याची बहीण मेरीअ‍ॅन लंडनमध्ये येतात. दिसायला देखणे, बोलायला गोड. सगळ्यांना वाटतं चांगल्या घरची मुलं आहेत. प्रत्यक्षात दोघांकडे काही नाही. दोघांनाही पैसेवाल्या माणसाशी लग्न करून आयुष्य मार्गी लावायचंय. त्यांची नावं ऐकून रॉबिन हुड आणि त्याची मेरिअन आठवली, तर ते लेखिकेनं मुद्दामच केलंय. म्हणजे लुटारू आहेत हे पाटीवरच लिहिलंय.

रॉबिनचा डोळा आहे अ‍ॅलिस नावाच्या मुलीवर. तिच्या नावावर मोठी रक्कम आहे. तिचा मामा सर जॉन हार्टलबरी, म्हणजे हार्ट. तुसडा माणूस, गोड बोलणं त्याला जमत नाही आणि कुणी गोड बोललं तर त्याचा विश्वास बसत नाही. रॉबिन पैशासाठी आलाय हे त्याला पहिल्या फटक्यात कळतं. भाचीला वाचवायला तो मधे पडतो. आणि मग रॉबिन आणि हार्ट या दोघांमध्येच प्रेम जुळतं.

रोमान्स असल्यामुळे शेवट गोड होतो, हे सांगून मी काही फोडलं असं नाही. या प्रकारात शेवट गोड असणं हा करारच असतो. वाचक 'काय होणार' यासाठी नाही, 'कसं होणार' यासाठी वाचतो.

रीजन्सी म्हणजे कधी?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकत नव्हता, म्हणून १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलानं 'प्रिन्स रीजंट' म्हणून कारभार पाहिला. त्यावरून रीजन्सी. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या. पुढे १९३५ मध्ये जॉर्जेट हेयरनं 'रीजन्सी बक' लिहिली, आणि तिच्यासारख्या कादंबऱ्यांमधून या काळातल्या प्रेमकथांचा एक वेगळा प्रकारच तयार झाला. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर 'ब्रिजर्टन' आली आणि आपल्या पिढीलाही बॉल, बग्गी, पंखे आणि ड्यूक माहीत झाले.

आता याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं बघा. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली, पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या हातात गेला. आमच्या सातपुड्यातल्या भिल्लांनी मात्र ते राज्य मुकाट्यानं मान्य केलं नाही. वर्षानुवर्षं झुंज चालली. शेवटी १८२५ मध्ये इंग्रजांनी जेम्स औट्रमला पाठवून 'खान्देश भिल्ल कोअर' उभी केली, भिल्लांनाच पगारी शिपाई करून. म्हणजे ज्या काळात लंडनमध्ये लोक 'हिच्याकडे किती हजार पौंड' मोजत नाचत होते, त्याच काळात त्यांची कंपनी या डोंगरांत सत्ता बसवत होती. तो काळ दूरचा नाही. दुसऱ्या टोकाला आपणच होतो.

फॉर्च्युन हंटर ही शिवी का झाली?

याचं उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोची कायदेशीर ओळख नवऱ्यात विरघळून जायची. तिच्या हातातले पैसे त्याचे, तिची कमाईही त्याची. श्रीमंत बाप आधीच वकील लावून पैसा ट्रस्टमध्ये बांधून ठेवायचे, पण ज्यांनी ते केलं नाही त्यांच्या मुलीचं सगळं जावयाकडे. ही परिस्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

म्हणून श्रीमंत मुलगी म्हणजे चालतीबोलती तिजोरी, आणि तिच्या मागे लागणारा पुरुष म्हणजे चोर. ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला विकहॅम आठवा. डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, जॉर्जिआनाला, पळवून न्यायचा त्याचा डाव होता, कारण तिच्या नावावर ३०,००० पौंड होते. तो खलनायक. पण त्याच पुस्तकात शार्लट लुकस नावाची मुलगी प्रेम नसताना, फक्त डोक्यावर छप्पर हवं म्हणून एका कंटाळवाण्या पाद्र्याशी लग्न करते. तिच्याबद्दल आपल्याला फार तर वाईट वाटतं. तिला कुणी चोर म्हणत नाही.

म्हणजे नियम असा दिसतो: बाईनं पैशासाठी लग्न केलं तर व्यवहार, पुरुषानं केलं तर लबाडी.

आता मराठीत या. 'फॉर्च्युन हंटर'ला आपल्याकडे एक नेमका शब्द नाही. पण मुलीला चांगलं स्थळ मिळालं की आजूबाजूचे काय म्हणतात? 'पोरीनं नशीब काढलं.' फॉर्च्युन म्हणजे नशीब, आणि ते तिनं काढलं. इंग्रजीत जी शिवी, ती मराठीत शाबासकी! मुलगा मात्र श्रीमंत सासरी राहायला गेला तर 'घरजावई' म्हणून आयुष्यभर टोमणे. आणि तोच मुलगा आपल्या घरी बसून हुंडा मागत असेल तर? तो 'रीत' म्हणून चालायचा. १९६१ पासून हुंड्याला कायद्यानं बंदी आहे, तरी त्याला नवीन नावं मिळत राहतात: 'मुलीच्या हौसेखातर', 'गाडी काय, जावयालाच वापरायला होईल'.

बायोडेटा उघडून बघा. उंची, रंग, गोत्र, आणि मग पॅकेज, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, शेती किती एकर. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून सांगतो, आमच्या क्षेत्रातल्या मुलांचा बायोडेटा म्हणजे निम्मा पगारपत्रकच असतो. आपण सगळे मिळून जे उघड करतो तेच रॉबिन लपून करतो. वाचकांना तो आवडण्याचं पहिलं कारण मला हे वाटतं: तो त्या बाजाराचा नियम मोडत नाही, उलट फार नीट पाळतो. फक्त त्याला आत यायचं आमंत्रण नव्हतं.

आमच्याकडे पैसा उलटा वाहतो

इथे तोरणमाळची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुस्तक वाचताना माझ्या डोक्यात तीच फिरत होती. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात हुंडा नाही, देज आहे. म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायची रक्कम. पंच बसतात, बोलणी होतात, आकडा ठरतो. लग्न मोडलं तर देज परत करण्याचा हिशोबही पंचांसमोरच होतो.

विचार करा, या रचनेत रॉबिनचा धंदा चालेल का? नाही चालणार. लग्न करायचं तर खिशातून पैसा जाणार, येणार नाही. फॉर्च्युन हंटर हा मुळात माणसाच्या स्वभावाचा प्रकार नाही, पैसा कुठल्या दिशेला वाहतो त्यावरून तयार होणारा प्रकार आहे. दिशा बदला, तो गायब होतो.

बाहेरून येणारे लोक देज ऐकून दोनपैकी एक बोलतात. एक तर 'वा, किती पुढारलेला समाज, मुलीला किंमत आहे', नाही तर 'अरेरे, मुलगी विकतात'. दोन्ही घाईचं बोलणं आहे. मुलगी घरात आणि शेतात राबते, तिच्या जाण्यानं घराचे हात कमी होतात, याची ती उघड कबुली आहे. पण देजाचा आकडा फुगला की मुलाच्या घराला कर्ज काढावं लागतं, हेही खरं. आणि मुलीवर खर्च केलाय या भावनेतून तिच्यावर हक्क सांगणारेही असतात. पैसा कुठल्याही दिशेनं वाहू दे, मधे मुलगी उभी असते. तिला कुणी विचारलं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वाचकांची चार भांडणं

पुस्तकाबद्दलची मतं मी साधारण चार ढिगांत टाकतो.

पहिलं भांडण रॉबिनबद्दल. काहींना तो मनापासून आवडतो. हसवतो, बहिणीसाठी जीव टाकतो, आणि ज्यांना फसवतो ते जन्मानं श्रीमंत आहेत, त्यांनी कष्ट केलेले नाहीत. दुसरी बाजू म्हणते, गरिबी हे कारण असेल, सूट नाही. पत्त्यांत हातचलाखी करणारा माणूस समोरच्याचं नाव किती मोठं आहे ते बघून फसवत नाही, कोण फसेल ते बघतो.

दुसरं भांडण कर्जाचं. रॉबिन हार्टला मोठी रक्कम देणं लागतो, फेडायला पैसे नाहीत, आणि त्या बदल्यात शरीराचा सौदा ठरतो. पुढे यातूनच प्रेम उगवतं. यावर वाचक खरंच विभागलेत. एक गट म्हणतो, ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद नाही त्याच्या 'हो'ला काय अर्थ? दुसरा म्हणतो, सौदा रॉबिननंच पुढे केलाय, आणि हार्टला त्याची लाज वाटत राहते हेच पुस्तकाचं बळ आहे. माझं मत सांगतो. मला तो भाग वाचताना अस्वस्थ वाटलं, आणि वाटायलाच हवं. कारण पुस्तक तिथे एक गोष्ट दाखवतं: रॉबिन अ‍ॅलिसला ज्या जागी ठेवायला निघाला होता, त्याच जागी आता तो स्वतः आहे. पैशासाठी शरीर आणि आयुष्य दुसऱ्याच्या हाती देणारा.

तिसरं भांडण भीतीचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळे त्यावर वेगळं बोलतो.

चौथं भांडण बायकांचं, खरं तर हे भांडण कमी आणि एकमत जास्त. अ‍ॅलिस आणि मेरीअ‍ॅन दोघी खूप जणांना आवडतात. अ‍ॅलिस गणितात हुशार आहे, भोळी नाही, आणि रॉबिनच्या बाबतीत तिचा स्वतःचा हिशोब आहे. मेरीअ‍ॅनला एका बड्या उमरावाशी लग्न करायचंय आणि त्याची किंमत काय असेल हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिच्या मनात प्रेमाचा भ्रम नाही. आपल्याकडे जिला 'नशीब काढलं' म्हणतात, त्या मुलीच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, ते इथे वाचायला मिळतं.

भीती कुठे गेली?

तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. काही वाचक म्हणतात, त्या काळात दोन पुरुषांच्या संबंधाला फाशी होती, मग हे पुस्तक इतकं हलकंफुलकं कसं?

तक्रार निराधार नाही. रीजन्सी सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८१० च्या जुलैमध्ये, लंडनच्या व्हिअर स्ट्रीटवरच्या 'व्हाइट स्वान' नावाच्या दारूच्या अड्ड्यावर छापा पडला. पकडलेल्या काही पुरुषांना चौकात खोड्यात उभं केलं आणि जमावानं त्यांच्यावर घाण फेकली. दोघांना १८११ मध्ये फासावर चढवलं. इंग्लंडमध्ये या कारणासाठी शेवटची फाशी १८३५ ची, जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ या दोघांना. फाशीची तरतूद १८६१ मध्ये गेली, पण तुरुंग राहिला.

आणि त्याच सुमारास हा गुन्हा जहाजात बसून आपल्याकडे आला. १८६० ची भारतीय दंड संहिता, तिचं कलम ३७७, १ जानेवारी १८६२ पासून लागू. इंग्लंडनं स्वतः १९६७ मध्ये त्यात अर्धवट का होईना सूट दिली. आपण मात्र ते जपून ठेवलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाद केलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काचा प्रश्न आला तेव्हा मात्र न्यायालयानं तो मान्य केला नाही, ते संसदेचं काम आहे असं सांगितलं.

म्हणजे आज कुणी समलिंगी असेल तर तो गुन्हेगार नाही, पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी कायदेशीर लग्नही करू शकत नाही.

मग हलकंफुलकं पुस्तक कशाला? याचं उत्तर मला आपल्या मराठीतच सापडलं. आपल्याकडे हा विषय तीन रूपांत आला. एक, हसू. आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी', विजय चव्हाणांनी गाजवलेलं. ते ज्या 'चार्लीज आँट' या इंग्रजी नाटकावरून घेतलंय, त्यात तर पुरुष बाई होतो आणि श्रीमंत बाई समजून म्हातारे त्याच्यामागे लागतात. फॉर्च्युन हंटिंगच की! आपण पोट धरून हसतो, कारण शेवटी ते सोंग आहे हे ठाऊक असतं.

दुसरं, शोकांतिका. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', १९८१. एका मुलीला मुलीवर प्रेम होतं, हे मराठी रंगभूमीवर तेव्हा सरळ सांगणं हे फार मोठं धाडस होतं. रोहिणी हट्टंगडींनी मित्राचं काम केलं. पण मित्राचा शेवट काळोखाचा आहे.

तिसरं, विरह. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६. पुण्यातल्या घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचं प्रेम बसतं, आणि तो दोघांनाही सोडून जातो. जेरी पिंटोंनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं आणि २०२२ मध्ये कुंडलकरांचाच चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. मला ती कादंबरी फार आवडते. पण तिथेही जो हवाय तो हाती राहत नाही.

हसू, मरण, विरह. एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल काही जाणवायला लागलंय आणि तो मराठीत शोधतोय, तर त्याला ही तीन दारं दिसतात. 'संध्याकाळी दोघं घरी बसून चहा पितात' असं चौथं दार नाही. रोमान्स तेच चौथं दार उघडतो. लेखिकेला फाशी माहीत नाही असं नाही. तिनं फाशीच्या सावलीत चहा ठेवलाय. म्हणून ज्यांना पुस्तक आवडतं ते 'मजा आली' याहून थोडं जास्त काहीतरी म्हणत असतात.

आता खरी अवघड गोष्ट

इथपर्यंत आपण रॉबिनच्या बाजूनं आहोत. आता अ‍ॅलिसच्या बाजूला उभं राहू.

समजा मामा मधे पडला नसता. रॉबिननं अ‍ॅलिसशी लग्न केलं असतं. मग एका मुलीचा पैसा, तिची वर्षं आणि तिची प्रेमाची अपेक्षा, सगळं अशा माणसाकडे गेलं असतं ज्याला ती तशी हवीच नव्हती. आपल्याकडे हे रोज घडतं, फक्त त्यात कुणाला फॉर्च्युन हंटर म्हणत नाहीत. घरच्यांना मुलाबद्दल शंका येते, किंवा मुलगा धीर करून सांगतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: 'लग्न कर, सगळं ठीक होईल.' मुलगी शोधली जाते. तिला काही सांगितलं जात नाही.

'ठीक होईल' हे औषध म्हणून खोटं आहे, हे स्पष्ट सांगतो. समलैंगिकता हा आजार नाही, हे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलंय. 'बरं करतो' म्हणणारे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. आजारच नाही तर लग्न हा उपाय कसा?

पण त्या मुलाला नुसता खलनायक करूनही चालणार नाही. त्याच्याकडे पर्याय किती होते? रॉबिनकडे जेवढे होते तेवढेच. खरं बोलला तर घर जातं, गाव जातं, कदाचित नोकरीही. तो खोटं बोलतोय जगायला. मग रेघ कुठे मारायची?

माझी रेघ अशी. स्वतःला वाचवायला लपवणं ही एक गोष्ट. आपल्या लपण्याची किंमत न सांगता दुसऱ्याकडून वसूल करणं ही दुसरी. आईला सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही, ठीक आहे, तो तुमचा हक्क आहे. कुणीही तुम्हाला बाहेर ओढू शकत नाही. पण जिच्याशी सात फेरे घेणार, किंवा पंचांसमोर जिचं देज ठरणार, तिला माहीत असायला हवं. कारण तिथे जे खर्च होतंय ते तुमचं एकट्याचं आयुष्य नाही.

आणि पुस्तकाचं मोठेपण मला इथे दिसतं. अ‍ॅलिसला ते नुसतं सावज ठेवत नाही. तिला डोकं देतं, हिशोब देतं, बोलायला जागा देतं. ज्या क्षणी मुलीला सगळं माहीत असतं आणि ती स्वतः ठरवते, त्या क्षणी फसवणूक उरत नाही, करार होतो. तो करार चांगला की वाईट, ते ती बघेल.

कायदा काय म्हणतो

हा भाग मुलींसाठी खास. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, समोरच्याबद्दलची एखादी महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही राजीखुशीनं एकत्र राहिलं असेल तर ही वाट बंद होते. म्हणून कुणी 'थोडं थांब, बघू' म्हणत महिने घालवत असेल तर तारीख लक्षात ठेवा आणि वकिलाला भेटा.

आमच्या बाजूच्यांसाठी आणखी एक. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा हे दोन्ही अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाहीत. केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढली तरच लागू होतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, तो या वारसा कायद्यातला. त्यामुळे तोरणमाळच्या मुलीचं लग्न मोडायचं असो की वाटा मागायचा असो, सुरुवात रूढी आणि पंचांपासून होते. पुण्यातल्या मैत्रिणीनं सांगितलेला कायदा जसाच्या तसा इथे चालेलच असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो. तिथे विचारा.

आणि ज्या मुलांवर लग्नाचा दबाव आहे त्यांच्यासाठी. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. ते आधी आपल्याच आयटी क्षेत्रात होते, आणि या विषयावर त्यांनी मराठीत भरपूर लिहिलंय. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मोफत. फोन लागेल इतकी रेंज तर डोंगरावरही मिळते.

मग पुस्तक वाचायचं का?

वाचा. इंग्रजी थोडी जुन्या वळणाची आहे, पण संवाद पटपट पळतात. प्रौढांचं पुस्तक आहे, शृंगार उघड आहे, हे आधीच सांगतो. कर्जाच्या सौद्याचा भाग ज्यांना त्रासदायक वाटेल त्यांनी नाही वाचलं तरी चालेल, त्यात कमीपणा नाही.

वाचताना एक करून बघा. रॉबिन कुणाशीही खोटं बोलला की स्वतःला विचारा: याची किंमत कोण भरतंय? कधी उत्तर येईल 'तोच', कधी 'एक श्रीमंत माणूस, ज्याला फरक पडणार नाही', आणि कधी 'एक मुलगी'. प्रत्येक वेळी तुमचं मत थोडं हलेल. वाचकांची मतं इतकी विखुरलेली आहेत ती यामुळेच. प्रत्येक जण वेगळ्या पानावर रेघ मारतो.

आणि पुढच्या वेळी लग्नाच्या मांडवात कुणी म्हणालं 'पोरीनं नशीब काढलं', तर एवढंच विचारा, 'तिला विचारलं होतं का?'

तुमची रेघ कुठल्या पानावर पडली ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव नको असेल तर नका सांगू, मी वाचून किंवा ऐकवूनही दाखवणार नाही. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर डाउनलोड करून ठेवा, रेंजचा भरवसा नाही!